साडीचा रंग फोटोत जसाच्या तसा यावा म्हणून: व्हाइट बॅलन्स नेमका कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुकानात पैठण्या आणि सुती साड्यांचे फोटो काढून ऑनलाइन विक्री चालते. कॅमेरा डीएसएलआर, व्हाइट बॅलन्स ऑटोवर. डाव्या हाताला खिडकी, छताला एलईडी ट्यूब. एकाच साडीचे चार फोटो चार रंगांचे येतात, वांगी रंग निळा होतो, राणी रंग लालभडक दिसतो, आणि "फोटोत वेगळी होती" म्हणून साड्या परत येतात. व्हाइट बॅलन्स किती केल्विनवर ठेवायचा?

केल्विन म्हणजे उजेड किती पिवळसर किंवा निळसर आहे ते सांगणारं माप: आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. आकडा सांगता येईल, पण तुमच्या खोलीत कुठलाही आकडा चुकीचाच ठरेल, कारण तिथे एक प्रकाश नाही, दोन आहेत. आधी प्रकाश एक करायचा, मग तो मोजायचा आणि ते माप कॅमेऱ्यात पक्कं करायचं, असा क्रम आहे. हा क्रम उलटा केला की कितीही महागडा कॅमेरा असला तरी रंग हुकतो.

ऑटो इथे का फसतो ते आधी बघा. सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिशेब असतात. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्याला किती पटीने वाढवायचं, म्हणजे राखाडी वस्तू राखाडी दिसेल, एवढंच गणित. ऑटोवर असताना कॅमेऱ्याला उजेडाचा रंग माहीत नसतो. तो समोरच्या चित्रावरून अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजात "चित्राची एकूण सरासरी फारशी रंगीत नसावी" हे गृहीतक असतं. फ्रेमभर हिरवीगार साडी पसरली की त्याला वाटतं उजेडच हिरवा आहे, आणि तो उलट बाजूची गुलाबी छटा ओततो. तीच साडी थोडी लांबून घेतली आणि कडेला पांढरी भिंत आली की अंदाज बदलतो. पदराचा फोटो, काठाचा फोटो, अंगभर बुट्ट्यांचा फोटो, प्रत्येक वेळी फ्रेममधल्या रंगांचं प्रमाण वेगळं, म्हणून प्रत्येक वेळी रंग वेगळा. कॅमेरा बिघडलेला नाही. साडी हा विषयच ऑटोसाठी सगळ्यात वाईट आहे.

आज दुसरं काहीही जमलं नाही तरी ऑटो बंद करून सूर्याचं चिन्ह, म्हणजे डेलाइट, लावा. कॅनन आणि निकॉनमध्ये ते साधारण ५२०० केल्विनचं असतं. रंग बरोबर येईलच असं नाही, पण सगळे फोटो सारखेच चुकतील, आणि सारखी चूक एका फटक्यात दुरुस्त करता येते. चार फोटोंत चार चुका असतील तर प्रत्येक फोटोवर वेगळं बसावं लागतं.

प्रकाश एक करा

तुमच्या ट्यूबवर ६५०० केल्विन छापलेलं असेल. ढगाळ दिवशी खिडकीतून येणारा उजेडही साधारण तेवढाच असतो. मग दोन्ही जुळायला हवेत ना? जुळत नाहीत. केल्विन फक्त निळसर ते पिवळसर या एकाच दिशेचा हिशेब सांगतो. हिरवट ते गुलाबी ही दुसरी दिशा त्यात येतच नाही. तिला टिंट म्हणतात. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब बहुतेक वेळा हिरव्याकडे झुकलेल्या असतात. त्यामुळे खोक्यावरचा आकडा तोच असूनही साडीवर दोन वेगळे उजेड पडतात.

हे डोळ्याने तपासायचं असेल तर पांढरट किंवा मोतिया रंगाची सुती साडी घ्या, निऱ्या पाडून खिडकीजवळ टांगा आणि एक फोटो काढा. प्रत्येक निरीची खिडकीकडची बाजू आणि खोलीकडची बाजू निरखून बघा. एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट किंवा हिरवट दिसली, तर व्हाइट बॅलन्सने हे कधीही सुटणार नाही. खिडकीची बाजू बरोबर केली की खोलीची बाजू बिघडते, आणि उलट. संपूर्ण फोटोला एकच गुणक लागतो, जागेप्रमाणे तो बदलत नाही.

म्हणून एक उजेड निवडा. खिडकी निवडली तर फोटो काढताना दुकानातले सगळे दिवे बंद. थेट ऊन येणारी खिडकी नको. शक्यतो उत्तरेकडची घ्या, नाहीतर ऊन दुसऱ्या बाजूला गेल्यावर काम करा. खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. समोर आंब्याचं झाड असेल तर येणारा उजेड हिरवा होऊन येतो, समोरच्या इमारतीला गेरूसारखा रंग असेल तर नारिंगी. दुकानाच्या भिंतीही तेवढ्याच महत्त्वाच्या. पिस्ता किंवा पिवळ्या भिंतीवरून परतणारा उजेड साडीच्या सावलीच्या बाजूला रंग चढवतो. त्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तक्ता उभा करा, चार बाय तीन फुटांचा तरी हवा. सावली हलकी होते आणि भिंतीचा रंग अडतो. फोटो काढणाऱ्याच्या अंगावर भडक शर्ट नको, साडीपासून तीन-चार फुटांवर उभं राहिलं की तोही परावर्तित होतो.

खिडकीची अडचण एकच, ती दिवसभर बदलते. निरभ्र आकाशाकडे उघडणाऱ्या सावलीतल्या खिडकीचा उजेड ७००० ते १०,००० केल्विनपर्यंत जातो, ढग आले की ६५०० च्या आसपास उतरतो, संध्याकाळी पुन्हा बदलतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत काम करा, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी किंवा ढगाची चाल बदलली की पुन्हा माप घ्या. पावसाळ्यात दाट, सलग ढग असतील तर उलट बरंच स्थिर काम होतं.

रोज दहा-वीस साड्यांचे फोटो काढायचे असतील तर मी खिडकी सोडून दिव्यांवर जायला सांगेन. दोन सारखे दिवे, एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच खरेदीतले, ५००० ते ५६०० केल्विनचे. खिडकीला जाड पडदा. घेताना वॉट बघण्याआधी सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, बघा. तो ९५ च्या वर हवा, आणि खोक्यावर आर९ वेगळा दिलेला असेल तर तो ९० च्या आसपास किंवा वर हवा. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, म्हणजेच आर९, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे ८० सीआरआयचा घरगुती बल्ब कागदावर बरा दिसतो, पण त्याखाली कुंकवाचा लाल, राणी, डाळिंबी हे रंग मेलेले दिसतात. साध्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळट फॉस्फर. निळ्या आणि हिरव्याच्या मधला पट्टा आणि गडद लाल टोक, या दोन ठिकाणी तिचा उजेड कमी पडतो. मोरपंखी आणि राणी हे तुमच्या धंद्यातले दोन लाडके रंग नेमके त्याच जागी बसतात. जो उजेड पडलाच नाही तो कुठलाही व्हाइट बॅलन्स परत आणू शकत नाही. पैसे घालायचे असतील तर नव्या लेन्सआधी इथे घाला.

दोन रंगांत फिरणारे, म्हणजे बायकलर एलईडी पॅनल असतील तर ते ५६०० च्या टोकाला ठेवा. मधल्या मिश्रणात किंचित गुलाबी झाक येते. दिव्यापुढे लावलेलं पांढरं कापड किंवा छत्री यांनाही स्वतःचा रंग असतो आणि जुनी झाली की ती पिवळी पडतात, म्हणून माप सगळं जागेवर लावल्यानंतरच घ्यायचं. दिवे लावून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. दोन्ही दिवे साडीला दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत, शक्य तितके मोठे आणि मऊ. जरीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. जर आपला रंग कमी आणि समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब जास्त दाखवते. लहान, टोकदार दिव्यात तिचे पांढरे ठिपके होतात आणि मधली जागा काळपट पडते. मोठा मऊ पृष्ठभाग तिच्यासमोर असला की सोनं सोन्यासारखं दिसतं.

खोलीतला बाकीचा उजेड खरंच हटला का याची चाचणी सोपी आहे. फोटोचं एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवा, मग दोन्ही दिवे बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. फ्रेम जवळजवळ काळी यायला हवी. काही दिसत असेल तर तो उजेड तुमच्या रंगात मिसळतोय.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० किंवा १/५०० शटरवर प्रत्येक फोटो त्या लुकलुकण्याचा वेगळा तुकडा पकडतो आणि उजेडाबरोबर रंगही बदलतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, किंवा त्याहून संथ. कॅमेरा तिपाईवर असला की प्रश्नच नाही. एफ/८, आयएसओ १०० ते ४००.

राखाडी कार्ड, आणि पांढऱ्या कागदाची फसवणूक

मापासाठी एक तटस्थ पृष्ठभाग लागतो, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा उजेड सारख्याच प्रमाणात परतवणारा. फोटोच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं. त्यावर १८ टक्के लिहिलेलं असतं. व्हाइट बॅलन्ससाठी तो आकडा महत्त्वाचा नाही, तटस्थपणा महत्त्वाचा. कार्ड मॅट हवं. प्लॅस्टिकचं चकाकणारं कार्ड तिरकं धरलं की ते दिव्याचं प्रतिबिंब दाखवतं.

झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नका. तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात असं रसायन घातलेलं असतं, जे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. खिडकीच्या उजेडात असा कागद प्रत्यक्ष उजेडापेक्षा निळा असतो. कॅमेरा तो निळा काढून टाकायला जातो आणि सगळ्या साड्या पिवळट येतात. हेच पांढरा शर्ट, धोतर, टिश्यू पेपर यांचं. कपड्याच्या साबणात तीच रसायनं असतात, वर नीळ दिलेली असली तर बघायलाच नको. दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे कागद तितका चुकत नाही. आणि म्हणूनच काल चाललेली युक्ती आज खिडकीशी का चालत नाही, हे कोडं पडतं.

कार्ड मिळेपर्यंत एक स्वस्त आणि खरोखर चांगला पर्याय आहे: नळ जोडताना वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. टेफ्लॉन सगळ्या रंगांचा उजेड अगदी समान परतवतं. प्रयोगशाळेत पांढऱ्याचं प्रमाण म्हणून वापरतात तो पदार्थही त्याच जातीचा असतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर टेप ओढून न ताणता दहा-बारा थर गुंडाळा. थर कमी असले तर मागचा पुठ्ठा झिरपून दिसतो आणि माप पिवळं होतं. वापर झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कार्ड असो की टेप, बोटांचं तेल, हळद, धूळ लागली की ते तटस्थ राहत नाही.

कार्ड साडीच्याच जागी ठेवायचं. हातात धरून कॅमेऱ्याजवळ आणायचं नाही. साडी जिथे लटकते तिथेच, त्याच कोनात, पण साडीला चिकटवून नको, नाहीतर लाल साडीचा उजेड कार्डावर पडतो. जमलं तर साडी लावण्याआधी रिकाम्या पार्श्वभूमीवर माप घ्या. कार्डावर स्वतःची सावली पडू देऊ नका. कार्डावर काही नक्षी नसल्यामुळे ऑटोफोकस घुटमळतो आणि शटर पडत नाही, तेव्हा फोकस मॅन्युअलवर टाका. माप घ्यायला फोकस नेमका असण्याची गरज नाही.

एक्स्पोजर मात्र बरोबर हवं. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उघडा. राखाडी कार्डाचं शिखर त्याच्या मध्याजवळ, टेफ्लॉनचं उजव्या बाजूच्या पाऊण अंतरावर. उजव्या कडेला शिखर चिकटलं, म्हणजे एखादा रंग भरून सांडला, की माप खोटं येतं.

कॅननमध्ये कार्डाचा फोटो काढा, कार्डाने निदान मधलं वर्तुळ पूर्ण भरलं पाहिजे. मग मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्स, तो फोटो निवडा, सेट, ओके. इथे बहुतेक लोक थांबतात आणि फसतात. फोटो नोंदवला म्हणजे तो लागू झाला असं नाही. व्हाइट बॅलन्सच्या यादीत जाऊन दोन त्रिकोणांचं कस्टम चिन्ह वेगळं निवडावं लागतं. ते केलं नाही तर कॅमेरा मुकाट्याने ऑटोवरच चालू राहतो.

निकॉनमध्ये वेगळ्या बटणाचे कॅमेरे असतील तर डब्ल्यूबी बटण दाबून चाक फिरवत पीआरई आणा, बटण सोडा, पुन्हा दाबून धरा, पीआरई लुकलुकायला लागलं की कार्डावर रोखून शटर दाबा. "जीडी" दिसलं की काम झालं. "नो जीडी" आलं तर एक्स्पोजर चुकलंय. ते लुकलुकणं काही वेळाने आपोआप थांबतं, म्हणून कार्ड आधीच लावून ठेवा. यात फोटो साठवला जात नाही, फक्त माप घेतलं जातं. लहान मॉडेलमध्ये हेच मेन्यूतून, प्रीसेट मॅन्युअलच्या आत मेजर निवडून करायचं.

सोनीमध्ये कस्टमच्या आत सेट, मधल्या वर्तुळात कार्ड, आणि ती केल्विन व टिंटचे आकडे दाखवते. ते आकडे वहीत लिहून ठेवा. तेच दिवे, तीच खोली असताना एके दिवशी आकडा एकदम सरकला तर एखादा दिवा बदलला गेलाय किंवा पडदा उघडा राहिलाय. फुजीफिल्ममध्ये "ओव्हर" किंवा "अंडर" असा शब्द आला तर एक्स्पोजर त्याप्रमाणे कमी-जास्त करून पुन्हा घ्या.

केल्विनचा आकडा हाताने लावायचाच असेल तर एक लक्षात ठेवा. त्याच्या पायऱ्या डोळ्यांना समान दिसत नाहीत. ३००० जवळ २०० केल्विन सरकवले तर रंग स्पष्ट बदलतो, ६५०० जवळ तेवढेच सरकवले तर फरक जेमतेम जाणवतो. कॅननमधली व्हाइट बॅलन्स शिफ्टची चौकट जास्त समान पायऱ्यांची आहे, आणि तिच्यात हिरवा-गुलाबी अक्षही आहे. नुसत्या केल्विनमध्ये तो नाही. म्हणून एलईडीखाली फक्त केल्विन फिरवत बसलेला माणूस कधी समाधानी होत नाही: पिवळं गेलं की हिरवं उरतं.

रॉ, जेपेग आणि नंतरची दुरुस्ती

रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे असलेली फाइल) अधिक जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) ठेवा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त चिठ्ठी असते, आकडे शाबूत असतात, नंतर काहीही न गमावता बदलता येतं. जेपेगमध्ये गुणाकार होऊन, कडा कापून, आठ बिटांत दाबून बसवलेलं असतं. थोडी दुरुस्ती होते, मोठी केली की गडद भागात रंगांचे पट्टे दिसतात. "रॉ काढतो, मग कशाला माप?" असं पुष्कळ जण म्हणतात. माप तरीही लागतंच, कारण कार्ड नसेल तर संगणकावरही तुम्ही अंदाजच करणार. शिवाय कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम व्हाइट बॅलन्स लावलेल्या जेपेगवरून काढलेला असतो. माप चुकीचं असेल तर लाल रंग सांडलाय की नाही हेही तो चुकीचं सांगतो.

हा लाल सांडण्याचा प्रकार साड्यांत सतत होतो, आणि लोक त्याला व्हाइट बॅलन्सचा दोष समजतात. राणी रंगात लालचा वाटा प्रचंड, हिरव्याचा अगदी थोडा. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम शांत दिसतो, पण लालचा वेगळा हिस्टोग्राम उजवीकडे आपटलेला असतो. लाल २५५ वर अडकला की त्याच्या छटा संपतात, बुट्ट्यांभोवतीची वीण नाहीशी होते आणि राणी रंग सपाट, भडक होतो. तुमच्या तक्रारीतला राणी बहुधा इथेच जातो. हिस्टोग्राम आरजीबीवर लावा आणि लाल, राणी, भगव्या साड्यांना अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी उजेड द्या. पण त्याहून कमीही नको. कमी उजेडात तोच राणी अंजिरी दिसायला लागतो.

कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइलही बघा. स्टँडर्ड, व्हिव्हिड, लँडस्केप हे सगळे रंग चढवतात. कॅननमध्ये फेथफुल निवडा. ५२०० केल्विनच्या उजेडात वस्तूचा मोजलेला रंग जुळावा अशाच हेतूने तो बनवलेला आहे. इतर कॅमेऱ्यांत न्यूट्रल. सावल्या आपोआप उजळणारी सोय, कॅननची ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर, निकॉनची अॅक्टिव्ह डी-लायटिंग, बंद करा. ती प्रत्येक फ्रेमला वेगळी वागते.

माप घेतलेलं असलं तरी प्रत्येक बैठकीचा पहिला फोटो कार्डासकट काढा. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू दाबून ड्रॉपर, म्हणजे रंग टिपणारं चिन्ह, कार्डाच्या मध्यावर टेकवा. मग कार्डावर कर्सर ठेवून लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचा. ते एकमेकांपासून अर्ध्या-एक टक्क्यात असले पाहिजेत. १८ टक्क्यांच्या कार्डाला आकडा ४६ च्या आसपास आला तर एक्स्पोजरही बरोबर आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये २५५ पैकी आकडे दिसतात, तिथे तो ११८ च्या जवळ येतो. ही तपासणी मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण तिला पडदा चांगला असण्याची गरज नाही. डोळा पाच मिनिटांत कुठल्याही झाकेला सरावतो, आकडा सरावत नाही. मग तोच व्हाइट बॅलन्स त्या बैठकीच्या सगळ्या फोटोंना लावा. एकेका फोटोवर ऑटो दाबू नका, तसं केलं की पुन्हा पहिल्या ठिकाणी याल. लाइटरूम नको असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, दोन्हीत हा ड्रॉपर आहे.

फक्त फोनवर काम असेल तर लाइटरूमच्या मोबाइल कॅमेऱ्यात प्रो मोडवर डीएनजी, म्हणजे रॉचाच एक प्रकार, काढा आणि व्हाइट बॅलन्स कार्डावरून लॉक करा. फोनच्या स्वतःच्या प्रो मोडमध्ये बहुधा केल्विन असतो, टिंट नसतो. मग हिरवी झाक नंतर काढावी लागते.

वांगी रंग तरीही निळा येतो, ते का

हा भाग व्हाइट बॅलन्सच्या हाताबाहेरचा आहे. राखाडी कार्ड अचूक राखाडी येतं आणि वांगी रंगाची साडी तरीही निळी दिसते, असं होऊ शकतं. सेन्सरचे तीन रंग-पडदे मानवी डोळ्याची हुबेहूब नक्कल करत नाहीत, आणि सेन्सरपुढची इन्फ्रारेड गाळणी गडद लाल टोकाचा थोडा उजेडही अडवते. जांभळ्याचं जांभळेपण त्याच टोकावर अवलंबून असतं. ते कमी पडलं की उरतो निळा. उलट प्रकार लायका एम८ या २००६ च्या कॅमेऱ्यात झाला होता. त्याची गाळणी पातळ होती, म्हणून काळे कृत्रिम धाग्याचे कपडे किरमिजी दिसत, आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सपुढे लावायच्या गाळण्या द्याव्या लागल्या. व्हाइट बॅलन्स फिरवून तेव्हाही ते सुटलं नाही, कारण चूक सगळ्या रंगांत नव्हती, एकाच रंगात होती.

यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याचं स्वतःचं रंग-प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांतल्या चुका दुरुस्त करणारा तक्ता. २४ चौकोनांचं कलरचेकर मिळतं, पूर्वी ते एक्स-राइट नावाने यायचं, आता कॅलिब्राइट नावाने येतं. तुमच्याच दिव्यांखाली त्याचा रॉ फोटो काढा, सोबतच्या सॉफ्टवेअरला द्या, ते प्रोफाइल बनवून देतं. दिवे बदलले की नवं प्रोफाइल. यानेही वांग्याचा प्रश्न पूर्ण सुटतोच असं नाही, पण तो पुष्कळ जवळ येतो. उरलेलं शेवटी हाताने: संपूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स न हलवता, एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या पट्टीत) फक्त जांभळ्याचा आणि निळ्याचा ह्यू, म्हणजे रंगछटा, थोडा लालाकडे. साडी शेजारी, त्याच दिव्यांच्या उजेडात ठेवून जुळवा. एकदा जुळलं की त्या रंगासाठी प्रीसेट जतन करा.

पैठणीत आणखी एक गोष्ट आहे जिचा दोष कॅमेऱ्याला देऊ नये. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते. समोरून एक रंग, तिरकं पाहिलं की दुसरा. अशा साडीचा "खरा" रंग एका फोटोत मावत नाही. एक फोटो सपाट पसरून समोरून घ्या, दुसरा घडीवर वळण देऊन, आणि वर्णनात दोन्ही रंगांची नावं लिहा. "मोरपंखी, जांभळी छटा" एवढं लिहिलं तरी गैरसमज बराच कमी होतो.

ग्राहकाच्या पडद्यावर तुमचा ताबा नाही, पण तुमच्या बाजूचं एवढं करा. फाइल एसआरजीबीमध्येच, म्हणजे बहुतेक पडदे धरून चालतात त्या रंगांच्या चौकटीत, काढा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. अडोबी आरजीबी या मोठ्या चौकटीतली फाइल मेसेजमधून पाठवली की पुष्कळदा फिकट, मळकट दिसते. संपादनाचा पडदा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, आणि शक्यतो कॅलिब्रेटरने मोजलेला. संगणकावरचा नाइट लाइट बंद. फोनवर अंतिम रंग बघताना डिस्प्ले व्हिव्हिडवरून नॅचरलवर आणा, आणि डोळ्यांच्या आरामासाठी संध्याकाळी पडदा पिवळा करणारी सोय बंद आहे ना ते बघा. गडद मोरपंखी हा एसआरजीबीच्या टोकाचा रंग आहे. काही साड्यांचा मोरपंखी त्या चौकटीत बसतच नाही. तिथे सॅच्युरेशन वाढवून पाठलाग केला तर वीण बुजते. थोडा कमी तेजाचा पण वीण दिसणारा फोटो ठेवा, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर दिवसाच्या उजेडात, व्हाइट बॅलन्स लॉक करून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, ज्यात साडीशेजारी राखाडी कार्ड दिसतंय.